दौलतरावांचा वर्ग बोलला

...नाही, पण मी म्हणतो, माझ्या इतिहासाच्या तासाचं काय? तुम्हाला सांगतो, आमचं कॉलेज म्हणजे उल्हासनगर कॅम्पातली जुनी लष्करी बराक, मध्ये चटयांचं पार्टिशन, तेही छताला न टेकलेलं, आणि पलीकडे अर्थशास्त्राचे दौलतराव, ज्यांना एकच वेड... वर्ग बोलला पाहिजे!

वर्ग कसला बोलतोय? सिंधी पोरं पहाटेपासून दुकानावर उभी राहून आलेली, आमची गाववाली शेतावर राबून आलेली, सगळी मुकाट लिहून घेणार. दौलतरावांनी ‘काही शंका?’ विचारलं, की पुढचा बाक मागे बघायचा आणि मागचा बाक खिडकीबाहेर. त्यात प्राचार्यांनी बजावलेलं, ‘सोमवारी विद्यापीठाचे साहेब तुमचा तास बघणार. वर्गाने भाग घेतला तर नोकरी कायम, नाहीतर रामराम.’ अहो, पोटावरच आलं की हो माणसाच्या.

मग शनिवारी या गृहस्थाने काय करावं? वांग्यांची पाटी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘पुस्तकं मिटा. मी भाजीवाला. करा भाव.’

झालं... मोरिवलीचा बारकू, हजेरीपलीकडे कधी तोंड न उघडलेला, मागून म्हणतो, ‘सर, ही वांगी कालची हायेत, देठ बघा ना.’ नेवंदराम ताडकन उठला, ‘साईं, कल का माल आज के भाव में? किसको बनाते हो?’ वृंदा म्हणाली, ‘आज बाजारात मालच थोडा आलाय, भाव चढणारच.’ ‘चढेगा कैसे? गिराक किधर है?’ आणि दौलतराव, ‘हाच तो मागणी-पुरवठा, वर्ग बोलला पाहिजे!’ म्हणत टेबलावर चढायचेच बाकी. इकडे माझं पानिपत ऐन रंगात, आणि माझी पोरं बाकावर चढून पार्टिशनवरून वांग्यांचा भाव सांगतायत.

सोमवार उजाडला. साहेब मागच्या बाकावर. टेबलावर पाटी आली मात्र, वर्ग जो पेटला... बारकू फळ्यापाशी, नेवंदराम पाटीपाशी, नफा काय, टंचाई काय, सगळं पोरंच समजावतायत. दौलतरावांनी तोंड उघडलं, की ‘सर, दो मिनिट,’ आणि पोरं पुढे. शेवटी साहेबांनी त्यांनाच विचारलं, ‘प्रोफेसर, पीक अमाप आलं तर?’ दौलतराव ‘त्याचं असं आहे...’ म्हणेपर्यंत बारकूने बापाच्या काकड्या कशा मातीमोल गेल्या ते सांगून उत्तर देऊनही टाकलं. दौलतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पार्टिशनवरून बघताना माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू?

आणि बाहेर येऊन साहेब काय म्हणाले, ऐका. ‘वर्ग उत्तम. इतका बोलका वर्ग मी पाहिला नाही. फक्त प्राध्यापक भाग घेत नाहीत. आणखी एक वर्ष बघू.’

आता प्राचार्य रोज दारात उभे, ‘प्राध्यापक बोलला पाहिजे!’ आणि दौलतराव बिचारे शेवटच्या बाकावर हात वर करून बसलेत... नेवंदराम म्हणतो, ‘साईं, लाइन में. आपका भी नंबर आयेगा.’