सरळ पडणारे चाबूक

डॉक्टरांनी थेंब घालून डोळे मिटायला सांगितलेल्या शिंप्याला दिसत काहीच नव्हतं, पण शेजारच्या बाकावरचं म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"अहो, बोटं थांबवा. इथे कुठला चाबूक विणताय?"

"सवय गं. नवा चष्मा मिळाला की आधी यंदाचे सगळे चाबूक नीट बघणार."

"कशाला? झाले ते छान झाले."

"छानच झालेत. माझा डावा हात जास्त आवळतो, म्हणून माझा चाबूक जन्मभर डावीकडे वळला. यंदाचे मात्र सगळे सरळ पडतात."

"चामड्याच्या वाद्या मी नीट भिजवून देते ना, म्हणून असेल."

"भिजवून देतेस, आणि माझी पाठ वळली की वेणी सोडून पुन्हा घालतेस."

"...दिसत नव्हतं हो तुम्हाला. वादीवर वादी चढायची. कधी कळलं?"

"पहिल्याच चाबकाला. हाताला कळतं."

"अगं बाई! मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर समोर बसवून मलाच शिकवायला लागली असतीस."