पोरं इतकी शांत कशी?

...नाही, पण मला एक सांगा, एवढी पोरं एका घरात आणि आवाज नाही? अहो, आमच्या घरात एकच आहे, नातू, चार वर्षांचा, गुंड्या म्हणतो आम्ही त्याला, तर शेजारचे भिंतीवर थापा मारतात! आणि हे पाळणाघर भरदुपारी सामसूम! आता संशय येणार नाही तर काय येणार?

सून म्हणाली, "बाबा, माझी नोकरी सुरू होतेय. गुंड्यासाठी जागा बघायला चला, पण फक्त बघा हं, बोलू नका." फक्त बघा! गेलो. पाळणाघर चालवणाऱ्या ताई दारातच इतकं गोड बोलल्या, इतकं गोड... "या आजोबा, चपला इथे, हात इथे धुवा, हे बघा टेबलांचे कोपरे गोल, प्लगांना झाकणं, फिनेल वरच्या कपाटात, कुलपात!" मी कुलूप ओढून बघितलं. सून कपाळाला हात लावून उभी. कुलूप खरंच लागलेलं होतं, तुम्हाला सांगतो, मला त्याचंच वाईट वाटलं! सगळंच बरोबर? आता संशय येणार नाही तर काय येणार?

मग झोपायची खोली. भिंती पिवळ्याधमक, नव्या रंगाचा वास असा की डोळे चुरचुरले! गाद्यांवर पोरं आडवी, एकजात गाढ. ताई कुजबुजल्या, "कालच रंग झाला, आणि आज बघा, किती शांत झोपलीत! प्रसन्न वाटतं ना!" प्रसन्न? एका मुलीच्या तर झोपेतही कपाळाला आठ्या! मुलं सांभाळणाऱ्या मावशींना हळूच विचारलं, तर म्हणतात, "काय की हो, माझंही डोकं सकाळपासून ठणकतंय."

ताई सुनेला स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेल्या. म्हटलं, आपण इथेच बसून छडा लावायचा. टेकलो गादीच्या कडेला. आता मी म्हणजे गोळ्या घेऊनसुद्धा रात्र रात्र छताकडे बघणारा माणूस! आणि तिथे... पापणी जड... मान खाली...

"बाबा! अहो बाबा! घोरताय काय!"

मी! दुपारी! घोरत! ताडकन उठलो, तर डोकं गरगरतंय. ओरडलो, "अहो, ही झोप नाही! हवा नाहीये इथे! खिडकी उघडा!"

ताई म्हणाल्या, "उघडीच आहे की आजोबा, फक्त लावलेली आहे."

ऐका! ढकलली, तर हलेना. रंगाऱ्यानं चौकटीसकट एकजीव करून टाकलेली! मी, मावशी, सून, तिघांनी जोर लावला... कडाड्! उघडली एकदाची. वारा आत आला, आम्ही पोरांना उचलून उचलून अंगणात नेलं, आणि मग एकानं भोकाड पसरलं, पाठोपाठ सगळ्यांनी! काय तो गोंगाट! कान तृप्त झाले हो! पण ती आठ्यावाली मुलगी रडेना. ताईंनी तिला कडेवर घेतलं, तर ती त्यांच्या खांद्यावरच ओकली आणि मग रडली. ताई तिची पाठ चोळत म्हणाल्या, "मला वाटलं, झोपलीत म्हणजे सुखात आहेत..." गोडवा पार उतरलेला. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, एकेका घरी स्वतः फोन केला, काही लपवलं नाही. तेव्हा कुठे माझा त्या बाईंवर विश्वास बसला.

पोरं धडधाकट आहेत. वास जाईपर्यंत ती खोली बंद होती, आता खिडकी सताड उघडी, आणि गुंड्या तिथेच जातो. मी जिंकलो म्हणायचं, नाही का?

तर नाही! सुनेची नजर बदलली ना! पाळणाघरातून परतलो, त्याच संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात उभी. "बाबा, खिडकी शेवटची कधी उघडलीत? आणि दार लावून डासांची कॉइल जाळता? गोळ्या उशाशी? पोराच्या हाताला येतील अशा?" मी म्हटलं, अगं, माझ्यावर संशय? म्हणते, "तुमच्याकडूनच शिकले."

आता गुंड्या उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. बाहेरूनच नाक वर करून हुंगतो आणि थेट ताईंच्या आवाजात सांगतो, "आजोबा, ही खोली मुलांसाठी नाही हं. तुम्ही राहा."

राहतोय.