चिमटा सोडल्यावर

— लागलं न्हाई रे, लागलं न्हाई. वस्तरा जरासा सरकला, बेंबीजवळ एवढुसं कापलं, त्याला काय एवढं घाबरायचं? तू आपलं काम कर, राधेश्याम. ह्या दवाखान्यात रोज पोटं भादरतो तू, आन् माझ्याच पोटापाशी कामून थांबून राह्यला? दाब कापूस. अजून दाब. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन माझंच हाय — किडनीवरच्या गाठीचं. गाठ लई मोठी न्हाई, लिंबाएवढी. पोट फाडणार न्हाईत, बारीक भोकं पाडायची आन् तिथूनच समदं करायचं.

डॉक्टरनं मला बराबर समजावून सांगितलं. म्हणला, बिरूभाऊ, ठिबकची नळी फुटली तर काय करता? म्हटलं, कॉक बंद करतो आन् मंग जोड मारतो. तसंच हाय म्हणला. किडनीत रक्त जाणाऱ्या नळीला चिमटा लावायचा, रक्त थांबलं की गाठ कापून काढायची, टाके घालायचे, चिमटा सोडायचा. पण चिमटा लई येळ ठिवता येत न्हाई, रक्ताबिगर किडनी मरून जाती — आन् माझी दुसरी किडनी तर जलमापासूनच सुकेली, तिचा काय भरोसा? म्हणून जल्दी जल्दी टाके घालायचे. आन् चिमटा सोडला की मंग खरी परीक्षा. टाक्यांतून रक्त आलं न्हाई पायजे. म्हणला, तिथं तुमचं रक्त गोठाया पायजे, बिरूभाऊ, तेवढं एकच काम तुमचं. बाकी आम्ही बघतो.

— काय? अजून थांबलं न्हाई? दुसरा कापूस घे मंग. अंगात उष्णता लई हाय माझ्या, त्यानं होतं असं.

गोळी? कोणती गोळी? रक्त पातळ व्हायची — तुला कोणी सांगितलं? कोणीच न्हाई? … हाव, होती चालू. आता तू पोरासारखा म्हणून सांगतो. मागं तोंड जरासं वाकडं झाल्तं माझं, तव्हा टेंभुर्णीच्या डॉक्टरनं देल्ती. ह्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशनच्या आधी बंद करा. केली की! मी काय येडा हाय? बिलकुल बंद केली. मंग एक दिवस सकाळी चहाची बशी सुटली हातातून. हात माझा न्हाईच, नुसता लोंबून राह्यला. आमची घरवाली गोपिका भाकऱ्या थापून राह्यल्ती, तिला दिसलं न्हाई. थोड्या येळानं आला हात जाग्यावर, पण मी लई भ्यालो रे. घेऊन टाकली गोळी. दुसऱ्या दिशी बी घेतली. मंग रोजच … आज? आज बी घेतली.

सांगितलं कामून न्हाई म्हंजी? सांगितलं असतं तर तारीख फिरली असती. आन् तारीख कशी फिरवायची? बिरोबाला कौल लावल्ता आम्ही. पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या लावल्या — डॉक्टरनं दोन तारखा देल्त्या, पहिलीला डावी कळी पडली, उद्याच्याला उजवी. साऱ्या भावकीसमोर उजवी देऊन होकार देला देवानं. गोपिका रडली तिथंच. आता मीच ती तारीख मोडू? मोडल्यावर काही झालं तर तिनं काय म्हणायचं — देवानं देल्ती, तुम्ही टाळली? आन् देवाला काय माझी गोळी ठाऊक न्हाई? समदं बघूनच देली असंल त्यानं उजवी. समदं बघूनच —

… न्हाई. थांब. कौल लावला तव्हा गोळी बंद होती. हात त्याच्यानंतर सुटला. कौल आधी, गोळी नंतर.

असा बघू नको माझ्याकडं. दाब म्हटलं ना, दाब. हा बी भिजला? ते कापूस इथल्या डब्यात टाकू नको, कागदात गुंडाळ, तुझ्या थैलीत घाल. कोणाला सांगशील तर बघ. सांगणार न्हाईस ना? माझी शपथ हाय तुला, गोपिकाला तर बिलकुल —

गप. सिस्टर आली. चादर वढ, वढ वर.

— न्हाई सिस्टर, काही न्हाई झालं. हाव, त्याचं काम आटपलं. … गोळी? ती कव्हाच बंद केली ना. हाव, पक्कं. तुम्ही लिव्हा तसं.

जा रे बाबा, जा तू आता.