तीन दिवस मासे बंद

प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. दोघांच्या लघवीच्या तपासणीचे कागद आतल्या मुलीच्या हातात होते.

"काका, तुमच्या लघवीत आर्सेनिक बरंच जास्त आलंय."

"म्हणजे सोमल! तरी मी कानीकपाळी ओरडत होते, त्या बोअरचं पाणी पिऊ नका म्हणून."

"थांबा काकू. काका, तपासणीआधी तीन दिवस मासे खाल्ले नव्हते ना?"

"छे! नावसुद्धा काढलं नाही."

"नीट आठवा. माशांतलं आर्सेनिक वेगळं असतं. ते सहसा बाधत नाही, दोन-तीन दिवसांत निघून जातं. पण या तपासणीत दोन्ही एकत्रच मोजलं जातं. खाल्ले नसतील, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा."

"कोळंबी माशांत धरतात का हो?"

"धरतात."

"मग खाल्ली. ताईकडे. दोनदा."

"बघा! घरी मी पालेभाज्या रांधतेय आणि हे बहिणीकडे ताव मारताहेत!"

"अगं, जीव वाचला ना माझा!"

"घरी चला, मग बघते तुमच्या जिवाकडे."

"काकू, हा तुमचा कागद. तुमचा आकडा काकांच्या दुप्पट आहे."

"काय गं? आता बोल की!"

"वन्संनीच डबा पाठवला होता. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."