अण्णा मास्तरांचा फळा

काकू, वाचनालयाचे सभासद आणि जमलेल्या सगळ्या डोंबिवलीकर मंडळींनो,

अण्णांच्या या शोकसभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मीच मागून चिठ्ठी पाठवली, दोन मिनिटं द्या म्हणून.

अण्णा मास्तरांनी मला इंग्रजी शिकवलं. फुकट. त्या इंग्रजीवर मला ठाण्याच्या एका शेठच्या पेढीत टायपिस्टची नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "पेढे ठेव तिकडे. परदेशी टपाल तुझ्या हातून जाणार. काही कळलं तर माझ्या फळ्याला सांगत जा."

फळा तुम्हाला माहीतच आहे. तो काय, दाराशीच आहे. रोज संध्याकाळी अण्णा त्यावर बातमी लिहायचे. स्टेशनावरून घरी निघालेला माणूस पिशवी खाली ठेवून ती वाचायचा. अण्णांचा नियम होता. कागदावरचं एक, आणि जाणत्या माणसाच्या तोंडचं दुसरं. दोन्ही जुळल्याशिवाय खडू उचलायचा नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. समुद्रापलीकडच्या एका छोट्या देशात क्रांती झाली. राजा पळाला. तिथल्या बंदरात आमच्या शेठची वखार. अण्णा चपला न घालताच माझ्या घरी आले. "वसंता, पेपरात आलंय, लोकांनी उठाव केला म्हणून. तुमच्या पेढीत काय कळलं? खरंच लोकांनी केला का रे?"

मंडळी, मला ठाऊक होतं. त्या राजानं शेठचा लवंगेचा मक्ता काढून घेतला होता. तेव्हापासून मी पत्रं टाईप करत होतो. शिवणयंत्रांची खोकी, अमुक बोटीनं, तिथल्या सेनापतीच्या नावे. सेनापतीला शिवणयंत्रं कशाला हो? बंदुकाच असणार त्या. मी शेठना विचारलंही. ते हसले. म्हणाले, "तू टाईप करतोस. वाचत नाहीस."

आणि अण्णांना मी काय सांगितलं? "हो अण्णा. लोकांनीच केला."

त्यांचा आनंद मोडवला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मी भ्यालो. नोकरीला भ्यालो.

अण्णांनी मोठ्या अक्षरात बातमी लिहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर साखर ठेवली. काकू, रेशनची साखर होती ती, तुम्ही रागावला होतात.

दोन वर्षांनी कल्याणचा एक खलाशी तिकडून परतला. त्यानं अण्णांना सांगितलं. बंदरात मजुरी वाढवून मागणाऱ्यांवर नव्या सरकारनं गोळ्या घातल्या, त्याच्या डोळ्यांसमोर. आणि लवंगेचा मक्ता पुन्हा आमच्या शेठकडे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, 'त्या देशाची बातमी मी चुकीची दिली. वाचकांनी क्षमा करावी.' खाली अण्णांचं नाव. फक्त अण्णांचं.

मी फळ्यापुढच्या गर्दीत उभा होतो. अण्णांनी मला पाहिलं. हात झटकले आणि विचारलं, "जेवलास का रे?" त्यावर मी "हो" म्हणालो. तेही खोटंच होतं.

त्यानंतर त्यांनी कधी खडू धरला नाही. नजर अधू झाली म्हणून फळा बंद पडला, असं मघाशी एक वक्ते म्हणाले. नजर ठणठणीत होती हो त्यांची! परवापर्यंत सुईत दोरा ओवून देत होते. हो ना काकू?

मी मात्र अजून त्याच पेढीत आहे. उद्या असेन की नाही, माहीत नाही.

श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. आपण सगळे आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहाल. तेवढ्यात मी त्या फळ्यापाशी जाऊन येतो. ती माफी पुन्हा लिहितो, या वेळी माझ्या नावानं. शेठच्या पत्राची कार्बन कॉपी माझ्या खिशात आहे. ते एक. आणि आत्ता तुम्ही माझ्या तोंडून ऐकलंत, ते दुसरं.

दोन्ही जुळलं, अण्णा. खडू उचलतो.

उभे राहा, मंडळी.