फवारणीनंतरचं पाणी

नाही, तुम्हाला सांगतो, एसटीनं पाठवलेली पाण्याची बाटली कुणी इंजिनात ओततं का हो? पण ते झालं सोमवारी. निरोप आला तो गुरुवार, साधाच दिवस, लेक येणार म्हणून मी रजा टाकलेली, गुडघाभर चिखलात उभा, हातात दुसरी बाटली... थांबा, आधी पहिलीचं सांगतो.

आमची शेफाली पुण्यात बेडकांच्या अंड्यांवर संशोधन करायची. मी मराठीचा मास्तर, मला काय कळणार? ती म्हणाली, "बाबा, बेडकीच्या पोटात अंडं नुसतं थांबलेलं असतं. शरीरातून निरोप आला की मगच पिकतं, त्याच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका उठतो." म्हटलं, निरोप काय, संप्रेरक म्हण! "संप्रेरक म्हटलं तर फुलामावशी ऐकेल का? निरोप पोचला पाहिजे, बस्स." आणि शेजारची फुलाबाई कसली ऐकतेय! "आगं पोरी, बेडकीच्या पोटात डोकावतीस, सवताच्या लग्नाचं बघ की!"

तर प्रश्न असा, की आपण इथं गुंजवणे गावात भाताच्या खाचरात तणनाशक मारतो, ते पाण्यातून बेडकीच्या अंगात गेलं तर निरोप पोचतो, की वाटेतच अडतो? म्हणून आपल्याच खाचराचं पाणी हवं. फवारणीआधीचं तिनं नेलेलं. नंतरच्यासाठी दोन बाटल्या ठेवून गेली, चिठ्ठ्या चिकटवून. दोन का? "एक तुम्ही सांडाल, बाबा."

मी नाही सांडली! कंडक्टर धनाजीनं... "मास्तर, कात्रजच्या चढाला गाडी तापली. पानी हुतं, वतलं. गढूळ हुतं म्हून, न्हाईतर पेलोच असतो!" आता बोला! शेफाली फोनवर किती हसली. "एसटीच्या पोटात अंडं नसतं, बाबा. दुसरी भरून ठेवा, गुरुवारी मीच येते." म्हटलं, मी आणून देतो की रविवारी... "पाणी शिळं होतं, बाबा."

तर गुरुवार. बाटली भरली, तेवढ्यात बांधावरून शेजारच्या खाचरातला ज्ञानू, "मास्तर, वर या." काय झालं रे? "आदी वर तर या." चार माणसं उभी, कुणी बघेना माझ्याकडे. नसरापूर फाट्याला, टेम्पो, तिची स्कूटर. दहा वाजता, जागीच. मला कळलं साडेबाराला. खाचरात रेंज नाही ना... अख्ख्या गुंजवण्याला निरोप पोचला होता, मी सोडून! आणि मी काय म्हणालो असेन? "झाकण लावू द्या."

आता तिच्या प्रयोगशाळेतली मैत्रीण छाया फोन करते, "काका, पाणी फ्रीजमध्ये आहे ना? पाठवता?" आहे की, दुधाशेजारी. फुलाबाई करवादते, "मास्तर, इख हाय ते!" आणि मग तीच दूध बाजूला सरकवते, बाटली नाही. धनाजी रोज गाडी थांबवतो, "द्या मास्तर, मांडीवर घिऊन जातो, आईशप्पत!"

देणार आहे हो. निरोप पोचला पाहिजे, मला काय कळत नाही? पण चिठ्ठी अपुरी कशी पाठवायची? तिच्याच अक्षरात आहे सगळं, गाव, खाचर, 'फवारणीनंतर'. खाली फक्त पाणी भरल्याची तारीख मी टाकायची होती.

ती अजून टाकायची राहिली आहे.