पाचपैकी किती

चैत्राली : खोलीला पाचपैकी पाच. लिहिलं. आता जेवण.

आई : काय लिवतेस गो मगाधरनं?

चैत्राली : घरी सोडायच्या आधी भरून द्यायचा कागद आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, हा द्या, मग फाईल देते. खोली कशी होती, जेवण कसं होतं, गरम पाणी वेळेवर आलं का. प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे.

आई : बाळ जाऊन चार दिवस नाय झाले, आनि गुन द्या बोलतात?

चैत्राली : सगळ्यांना देतात तोच कागद आहे. बाळ गेलं असेल तर काय लिहायचं, असा रकाना त्यात नाही. जेवणाचं सांग. तूच खाल्लंस.

आई : घास उतरला काय माझ्या गळ्याखाली? ठेव तो कागद, चैतू.

चैत्राली : तीन देते. गरम पाण्याला मात्र पाच. पहिल्यांदा ही खोली बघायला आलो, तेव्हा तू आधी बाथरूममध्ये गेलीस आणि नळाखाली हात धरून उभी राहिलीस. म्हणालीस, बघ गो, चूल नको, हंडा नको, नळ फिरवला की वाफ.

आई : बोलली व्हती.

चैत्राली : दोन दवाखाने बघितले आपण. आधी एसटी स्टँडमागचा, त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचा. सहा खाटांचा वॉर्ड, सगळ्यांत मिळून एक संडास, भिंतींचे पोपडे निघालेले. तू दारातच नाकाला पदर लावलास. त्या बाई काय काय सांगत होत्या. लहान मुलांचे डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहतात, ही काचेची पेटी, बाळ अशक्त असलं तर यात ठेवतो. तू मान हलवलीस आणि त्यांना काय विचारलंस, आठवतं?

आई : वेगळी खोली भेटंल काय, ते इचारलं.

चैत्राली : आणि इथे?

आई : हितं कायच इचारलं नाय. बघतच रायली. पडदे, टीव्ही, सोबतीच्या मानसाला झोपायला वेगळा सोफा. वाटलं, हाटेलातच आली.

चैत्राली : मीही काही विचारलं नाही. तुलाच कशाला बोलू? खिडकीतून सावित्री नदी दिसते म्हणून मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. बी.एस्सी. झालेली मी. पेटी कुठे आहे, बाळाचा डॉक्टर कुठे आहे, एवढं विचारायला मला जमलं नाही. मी पलंग वर-खाली करायचं बटण दाबून बघत होते.

आई : तुला त्या घरात दिली तवाच मी मनाशी ठरवलं व्हतं. महाडची शिकलेली मानसं. सासू शिक्षिका, सासरे शिक्षक. आपन उमरठचे, तुझा बाप पन नाय मागं. पयलं बाळंतपन माहेरचं. विहीणबाई नातवाला बघायला येतील, तर त्यांना टेकायला चांगली खुर्ची नको काय?

चैत्राली : त्यांनी कधी मागितली होती खुर्ची?

आई : मागायला लागतं? तू झालीस तवा मी पोलादपूरला सरकारी दवाखान्यात. खाटा सगळ्या भरलेल्या. व्हरांड्यात चटई टाकून निजवली मला. तुझी आजी आली, माझी सासू. बसली पन नाय. उभ्या उभ्या बघितलं नि बोलली, 'हिच्या आईबापाला लेकीसाठी एक खाट नाय गावली.' माझी आई माझ्या उशाला बसलेली. तिनं मान खाली घातली ती घातलीच. मरायच्या आधी आठ दिवस मला बोलते, शकू, तुला खाट देता आली नाय गो. मी तवाच बोलली, माझ्या लेकीला आसं कोन बोलनार नाय.

चैत्राली : पण मी जगले ना आई, त्या चटईवर.

आई : आसं नको बोलूस.

चैत्राली : जगले तर खरं.

तुळसा : येऊ काय आत? ताई, पाळना न्यायचा हाय. बाजूच्या खोलीत लागतोय. कालच नेनार व्हती, पन आईंनी वरनं चादर टाकून ठेवलेली, म्हनून हात लावला नाय.

चैत्राली : न्या, तुळसामावशी. त्याच्याकडे बघून बघून डोळे दुखले. आणि जाता जाता एक सांगा. त्या दिवशीच्या गाडीवर ड्रायव्हर कोण होता?

तुळसा : चंदू. का वो?

चैत्राली : कागदावर खाली जागा आहे, तक्रार असली तर लिहा म्हणून. मी लिहिलंय. बाळाला पेटीत ठेवायला माणगावला न्यायचं होतं, आणि तुमची अ‍ॅम्ब्युलन्स पाऊण तास उशिरा आली. वाटेत लोणेऱ्याला गेलं ते, गाडीतच, त्याच्या बापाच्या, मुकुलच्या मांडीवर. आणखी अर्धा तास मिळाला असता तर माणगाव आलं असतं. ड्रायव्हरचं नाव तेवढं राहिलंय.

तुळसा : ताई, तेवढं नका लिवू.

चैत्राली : का? तुमच्या नात्यातला आहे?

तुळसा : नाय वो. गरीब मानूस हाय, घरी दोन पोरं हायेत, त्याच्या पोटावर पाय येईल. पन त्याच्यासाठी नाय सांगत. गाडी उशिरा आली नव्हती.

आई : तुळसाबाई, तुमी पाळना घेऊन जा बघू.

चैत्राली : थांबा मावशी. उशिरा नव्हती म्हणजे?

तुळसा : पोर रडलं नाय, तसा डाक्टरांनी लगेच फोन लावला. चंदू मागल्या बाजूला चा पीत व्हता. कप तसाच ठेवून गाडी दाराला आनली. मागलं दार उघडं टाकून पायरीवर बसून रायला. मी दोनदा जाऊन इचारलं, अरे निघत का नायस? तर बोलला, सही व्हायची हाय.

चैत्राली : कुणाची सही?

तुळसा : ते मला नका इचारू. मी झाडू मारनारी बाई. येते मी.

(पाळण्याची चाकं खडखडत दाराबाहेर जातात.)

चैत्राली : आई, कुणाची सही व्हायची होती?

आई : माझी.

चैत्राली : बोल.

आई : तू आत टेबलावर. तुला शुद्ध नव्हती. डाक्टर भायेर आले. बोलले, बाळानं पोटातच घान गिळलीय, श्वास नीट लागत नाय, आमच्याकडं पेटी नाय, आत्ताच्या आत्ता माणगावला हलवायला लागंल, हितं सही करा. मी पेन हातात घेतलं. मग वाटलं, मी कोन सही करनारी? बाळंतपन आपलं, पन पोर त्यांच्या घरचं. त्यांना न इचारता हलवलं आनि वाटेत कायतरी झालं, तर जल्मभर बोलतील, आमच्या नातवाला परस्पर नेलंत.

चैत्राली : मुकुलला फोन नाही केलास?

आई : केला. एमआयडीसीत फोन गेटवर जमा करून आत जातात ना ते. वाजून वाजून बंद झाला. मग विहीणबाईंना लावला. त्या नाते गावात साखरपुड्याला गेलेल्या.

चैत्राली : तिथून इथे यायला अर्धा तासही लागत नाही.

आई : नाय लागत.

चैत्राली : तू काय सांगितलंस त्यांना?

आई : मुलगा झाला, या.

चैत्राली : आणि?

आई : आनि काय नाय.

चैत्राली : बाळाला बरं नाही, हे सांगितलं नाहीस?

आई : नाय गो. तिकडं सगळी मानसं हसत व्हती. विहीणबाई बोलल्या, वजन किती? मग बोलल्या, 'शकुंतलाबाई, दवाखाना तुम्ही अगदी बघून निवडलात, मला काळजीच नव्हती.' त्यावर मी कशी सांगू, का मी निवडलेल्या दवाखान्यात पेटी नाय? वाटलं, येतीलच आता. येतील, डोळ्यांनी बघतील, मग सांगायला लागनार नाय. डाक्टर परत आले. मी बोलली, दहा मिनटं, त्यांची मानसं रस्त्यात हायेत. तिसऱ्यांदा आले ते वरडलेच माझ्यावर. तरी माझा हात उचलला नाय. मग पाळी सुटल्यावर माझा फोन बघून जावई धावत आले, त्यांनी सही केली.

चैत्राली : म्हणून पेढे.

आई : व्हय.

चैत्राली : सासूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या होत्या. मुकुलने सांगितलं मला. मुलगा झाला म्हटल्यावर त्या थांबल्या, पेढे घेतले, दुकानात ओळखीचं कोण भेटलं त्यांच्याशी बोलल्या. चार दिवस त्यांचं तेच चाललंय. 'मी कशाला थांबले, शकुंतलाबाईंच्या आवाजावरून मला कळायला हवं होतं.' काल इथे माझे पाय धरून रडल्या. तू या सोफ्यावर बसली होतीस, आई. तू उठून त्यांना पाणी दिलंस.

आई : दिलं.

चैत्राली : तेव्हा तरी सांगायचंस.

आई : ओठापर्यंत आलं व्हतं.

चैत्राली : आणि गाडी उशिरा आली, हे तूच सगळ्यांना सांगितलंस. मी कागदावर लिहिलं ते तुझंच ऐकून.

आई : जो तो इचारत व्हता, उशीर कशानं झाला. एकदा तोंडातनं निघून गेलं. मग दुसऱ्यांदा सांगितलं. नंतर मलाच खरं वाटायला लागलं. रोज सकाळी जाग आली का आधी गाडीच आठवते, उशिरा आलेली. मग हळूहळू ती दारात उभी दिसते.

चैत्राली : मला आत ओरडून उठवायचं होतंस. मी केली असती सही. पोट उघडं असतं तरी केली असती.

आई : मला पन त्याच्याबरोबर पुरायला हवं व्हतं. कशाला रायली मी?

चैत्राली : ते नको आता. त्याने काय होणार?

आई : घरी चल, चैतू. सव्वा महिना मागची खोली तुझ्यासाठीच हाय. रंग काढून घेतलाय, गरम पान्याचं मशीन बसवलंय. शेक देईन, डिंकाचे लाडू केलेत. कोनाशी बोलू नको, माझ्याशी पन नको बोलू. नुसती पडून राहा.

चैत्राली : कशाचा सव्वा महिना? मी उमरठला येत नाही. दुपारी सासूबाई येणारेत, त्यांच्याबरोबर जाईन.

आई : मांडीवर नसलं तरी अंग बाळंतिणीचंच हाय गो.

चैत्राली : त्या आल्या की तू त्यांना सांगायचंस. फोनवर काय बोललीस ते, आणि काय बोलली नाहीस ते. मी सांगणार नाही. तू सांगायचंस. त्यांनी उगाच पेढ्यांपायी स्वतःला जाळून घेऊ नये.

आई : सांगीन. सांगितल्यावर त्या मला त्यांच्या दारात उभी करनार नायत.

चैत्राली : माहीत आहे.

आई : तू करशील?

चैत्राली : मला आत्ता काहीच कळत नाही, आई. विचारू नकोस.

तुळसा : ताई, कागद मागतायत खाली. आनि इचारायचं नाय खरं तर, पन त्या चंदूचं...

चैत्राली : घ्या. 'उशिरा' खोडलंय. गाडी लगेच आली, असं लिहिलंय. चंदूला सांगा.

तुळसा : देव तुमचं भलं करो, ताई. काय झालं? डोळे का मिटले? टाके दुखतात?

चैत्राली : बाजूला बाळ रडतंय ना?

तुळसा : सकाळीच झाली त्या बाईला. मुलगी हाय. भूक लागली असंल तिला.

चैत्राली : माझा गाऊन भिजला. परत.

तुळसा : पान्हा हाय तो, त्याला काय कळतंय. गोळी देतील खाली, पन बांधल्याबिगर आटनार नाय. मऊ कापड घेऊन आवळून बांधा, बाई. मी जाते, कागद देऊन येते.

आई : माझ्याकडं कापड हाय.

चैत्राली : कुठलं?

आई : माझं जुनं लुगडं. दुपट्यांसाठी फाडून, धुऊन आनलं व्हतं. हितं बोलले, घरचं कापड चालत नाय, आमी सगळं नवीन देतो. म्हनून पिशवीतनं काढलंच नाय.

चैत्राली : काढ.

आई : मी बांधू?

चैत्राली : दुसरं कोण आहे इथे?

आई : हात वर कर. आसा. दुखतंय काय?

चैत्राली : दुखू दे.

आई : टाके वढतील गो. एवढं आवळत नाय, सैल ठेवते.

चैत्राली : नको. अजून घट्ट बांध, आई.